बैलाचं शेण आणि माझं आतडं

ज्यांच्या हाताखाली मी बैलबाजार शिकलो, त्या ज्ञानूमामांनी मला फसवलं. रुमालाखाली बोटं धरून भाव चालू असला की उठायचं नाही, हा त्यांचा नियम. वीस वर्षं मी शौचाची कळ दाबत बसलो.

आज एका बैलाने खडखडीत शेण टाकलं, त्यावर पांढरा बुळबुळीत थर. बैलाचं आतडं बिघडलेलं, मी सौदा मोडला.

"तात्या, बैल घेताय का शेण?" मालक म्हणाला.

कालच माझं जुनं बद्धकोष्ठ तपासताना डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "आतड्याला आतून बुळबुळीत अस्तर असतं. मळ अडून राहिला की त्यातलं जंतूंचं खाणं संपतं, मग उपाशी जंतू ते अस्तरच खातात."

बैल नाकारता येतो. हे आतडं कुणाला देऊ? शेण पारखायला शिकवलंत मामा, मग मला उठू का दिलं नाहीत? सांगा.