पिसं झडलेल्या बदकांचं तळं

कुंभार पिंपळगावच्या शिवारातला पाझर तलाव बाहत्तरच्या दुष्काळात झाला. त्याच्या भरावावर आसराबाईनं मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. पुढं तलाव भरला, काठाला पाणकणीस माजलं. म्हशीला गवत कापायला ती रोज तिकडं जाई. चोचीच्या बुडाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळा रंग असलेली हळदी-कुंकू बदकं तिथं अंडी घालू लागली, तेव्हा माहेरवाशिणी घरी आल्यागत तिला वाटलं.

एका दिवाळीच्या सुमारास पाणकणसात तिला एक बदक सापडलं. ते उडेना. जखम कुठंच नव्हती. पंखांची मोठी पिसं मात्र सगळीच गळालेली. तिनं ते घरी नेलं, परातीत पाणी ठेवलं, ज्वारी भिजवून घातली. काही दिवसांनी निळसर नळ्यांतून नवी पिसं डोकावली, आणि चौथ्या आठवड्यात बदक अंगणातून उठून थेट तलावाकडं गेलं. पुढच्या साली तिनं लक्ष ठेवलं. पिलं मोठी झाली की थोरल्यांची पिसं एकदमच झडत आणि महिनाभर ती दडून बसत.

शहात्तर साली जालन्याच्या एका कॉलेजातले अप्पाराव सर पक्ष्यांचा अभ्यास करायला आले. गळ्यात दुर्बीण, पायांत रबरी बूट. आसराबाईला अक्षर येत नव्हतं, पण सर तिच्या शेजारी मातीत मांडी घालून बसत आणि तिचं बोलणं लिहून घेत. आजवर तिला असं कुणी काही विचारलंच नव्हतं. बदकं कोणत्या कोपऱ्यात दडतात, किती दिवस, सगळं तिनं सांगितलं. हे गावातसुद्धा कुणाला ठाऊक नाही, असं बजावलंही. माझ्यापाशीच राहील मावशी, असं सर म्हणाले.

दुसऱ्या वर्षी नेमक्या पिसं झडायच्या दिवसांत तलावावर दोन जीपा आल्या. पाच-सहा माणसं जाळी लावून पाणकणसात शिरली आणि काठ्या आपटू लागली. बदकं पाण्यावरून धावली, बोडके पंख फडफडवत राहिली, पण वर उठली नाहीत. माणसांनी ती हातानं धरून पोत्यात कोंबली. विळा घेऊन आसराबाई धावत आली. भरावावर सर उभे होते आणि बोटानं दुसरा कोपरा दाखवत होते.

तिला पाहून त्यांनी मान खाली घातली. कॉलेजच्या संग्रहाला दोनच हवी होती, म्हणाले. पण जीपा ज्या साहेबांनी दिल्या, त्यांच्या मंडळींना मेजवानीसाठी बाकीची हवी होती; त्यांना नाही कसं म्हणायचं?

"सर, ह्यो कोपरा मीच तुम्हाला दावल्ता," ती म्हणाली. "त्यायला उडता येत न्हाई, हे तुम्हाला माहीत व्हतं."

ती तशीच छातीभर पाण्यात उतरली आणि विळ्यानं जाळं कापलं. एकानं तिला ढकललं, शिव्या दिल्या. तेवढ्यात पाच-सहा बदकं निसटली. बाकीची जीपांमधून गेली.

कितीतरी दिवस तिला भाकर गोड लागली नाही. सरांपेक्षा जास्त राग तिला स्वतःच्या जिभेचा येई.

दोन वर्षांनी सर एकटेच दारात आले. पुष्कळ ओशाळले होते. बदकं येतात का, त्यांनी विचारलं. त्याच सकाळी तिनं चार जोड्या पाहिल्या होत्या.

"न्हाई सर. तवापासून फिरकलीच न्हाईत."

सरांना ते पटलं. त्यांनी पाणी मागितलं. तिनं तांब्या भरून दिला, पण बसा म्हटलं नाही.