म्हणे, सगळे सारखेच दिसतात!

माझ्या चिनी मालिकेतला सेनापती चहा ओतताना डाव्या हाताने उजवी बाही धरतो. बाही चहात बुडू नये, एवढंच कारण. पण मी ते दहादा मागे नेऊन बघते.

परवा काका मोबाइलमध्ये डोकावले. "काय बघतेस गं यांच्यात? सगळे सारखेच दिसतात!"

माझं डोकंच फिरलं. मी शाळेपासून नकला करते. एखाद्याचं वेगळेपण सापडल्याशिवाय त्याची नक्कल जमत नाही, आणि ते सापडायला माणसाकडे जीव लावून बघावं लागतं. काकांनी बघितलं किती? अर्धं मिनिट!

आई पोळ्या लाटत होती. तिच्यासमोर उभी राहिले. "आई, ओळख!"

ओढणी मनगटावर धरून पेल्यात चहा ओतला.

"सेनापती."

मान तिरकी करून ओठांच्या एकाच कोपऱ्याने हसले.

"तो वैद्य. लबाड मेला!"

डोळ्यांची उघडझाप न करता नुसती हनुवटी थरथरवली.

"धाकटा राजपुत्र. बस कर गं, मला रडू येतं."

काका बघतच राहिले. "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

मला वाटलं, आता आई लाजून विषय बदलणार. पण ती म्हणाली, "रोज बघते, भाऊजी."

मग काय! मी पोट पुढे काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काय बघतेस गं यांच्यात?"

आईने तव्यावरची पोळी उलटली. "हा कोण ते नाही सांगता येणार बाई. हे सगळे सारखेच दिसतात."