डोळे न मिटणारा वस्ताद

"घाम निंघाला का?"

मूर्तिजापुरात बाकीचे लोक एकमेकांची तब्येत विचारायचे, वस्ताद घाम विचारायचा. पहाटे मळ्यातली मेथी बाजारात टाकून तो मैदानावर यायचा आणि पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायचा. पलीकडच्या कोपऱ्यात माझा योगवर्ग चाले.

"नाक दाबून काय भेटते गा गुरुजी?" तो तिकडूनच ओरडायचा.

"वस्ताद, बैठकांनी मांड्या कमावता येतात, मन नाही!"

"थकलेल्या मानसाचं मन गुमान झोपते, राजेहो!"

वर्गातल्या बायका प्राणायाम सोडून हसत बसायच्या.

ती वर्षं फार वाईट होती. गावोगावी माणसं गळफास घेत होती. जवळच्या एका गावाने लोकांचं मन जरा हलकं व्हावं म्हणून आम्हा दोघांनाही बोलावलं. वस्तादाने शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्यांनाही बैठकांना असं जुंपलं की सगळे हसून बेजार. मग मी सर्वांना शवासनात झोपवलं. "तुम्हीही पडा," म्हटल्यावर तोही कुरकुरत आडवा झाला. मी श्वासाबद्दल बोलू लागलो.

एकाएकी वस्ताद किंचाळून उठला. ओळीतल्या एकेकाला खांद्याला धरून गदागदा हलवू लागला.

"उठ! उठ न बे! डोये उघड!"

एक-दोघे हसले. नेहमीची थट्टा असेल, असं मलाही वाटलं. मग त्याचं तोंड पाहिलं आणि मी धावत जाऊन त्याला धरलं.

परतताना माझ्या स्कूटरवर मागे बसून तो बोलला. कुणी फास घेतला की आसपासच्या गावांतून त्यालाच निरोप यायचा. दोर कापेपर्यंत खालून सगळं वजन तोलून धरील असा दुसरा गडी नव्हता.

"अंगात ताकद आहे, तं नाई कसं म्हनू? पन गुरुजी, एखांद्याचं अंग गरमच राह्यते. डोये मिटले का तेच हातात येते."

झोप लागावी म्हणून हा माणूस रोज स्वतःला थकवत होता!

दुसऱ्या दिवशी तो आमच्या कोपऱ्यात आला. "मले निजाले शिकवा."

मला येत होतं ते सगळं करून पाहिलं. ध्यान नाही, प्राणायाम नाही, कशानेच त्याचे डोळे मिटेनात. शेवटी एकदा त्याने माझं मनगट धरलं.

"हात सोडवू नका. नाडी लागते हाताले. तुमी जिते आहा, हे समजते."

आणि तो झोपला. वर्ग सुटला, ऊन चढलं, माझा हात बधिर झाला, पण हलायची माझी छाती झाली नाही. पुढे घरी त्याची बायको, आमच्या वहिनी, त्याच्या उशाशी हात देऊन बसू लागल्या.

तो गेला तोही झोपेतच. मी धावत गेलो, तर वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे कोरडे.

"सुटता सुटेना, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते. बांगड्या फोडायला आलेल्या बायका नुसत्या उभ्या होत्या. त्या बांगड्या त्याच्या मुठीतच पिचल्या होत्या.