डावी पाकळी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझं सगळं बाहेर काढलं — लपवलेल्या विड्या, साहेबापुढे गाळलेले अश्रू — पण हे तिच्याही हाती लागलं नाही. आज तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? गेल्या रविवारी वहिनीनं एक विचारलं, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, म्हणून असेल.

पण आधी आमचं रान तरी बघा. घाई कशाला?

कणकुंबीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून खाली उतरलं की नदी लागते. काठाकाठानं राखीव जंगल. तिकिटाची एक टपरी, आणि टपरीपासून पुढं माणसांना फिरवणारा आमचा अण्णा — माझा सख्खा थोरला भाऊ. बेळगावची माणसं रविवारी गाड्या भरून येतात ती रान बघायला, पण जाताना बोलत जातात ते अण्णाबद्दल. नदीच्या वळणावर तो सगळ्यांना चपला काढायला लावतो, कारण पुढं वाळूत पाणमांजरांची पावलं असतात. त्यांची विष्ठा काडीनं उलगडून त्यातले खेकड्याच्या कवचाचे तुकडे असे दाखवतो, की नाकाला पदर लावलेल्या बायकाही वाकून बघतात. एकदा एकानं मोबाइलवर मोठ्यानं गाणं लावलं. अण्णा म्हणाला, "बंद कर रं बाबा. तुझं गाणं ऐकून धनेश पक्षी गोव्याला निघालाय."

शिक्षण सातवी. आणि कॉलेजातले प्राध्यापक वही काढून त्याचं बोलणं उतरवून घेतात! माझी छाती फुगते — का फुगू नये? या वाटेवरची निम्मी मोठी झाडं आमच्या जमिनीत आहेत. आम्ही ती जमीन विकली नाही म्हणून ती उभी आहेत. आणि विकली नाही ती — माझ्यामुळे.

हे 'माझ्यामुळे' आजवर कुणाला ठाऊक नाही.

आम्ही गुरव. काठावरच्या देवीची पूजा आमच्या घराकडे. एकवीस वर्षांपूर्वी हुबळीकडचा एक माणूस आला. त्याला नदीलगत खोल्या बांधून हॉटेल काढायचं होतं, आणि आमची जमीन हवी होती. अण्णा तयार झाला. जमीन विकायची, बेळगावात शहापूरला जागा घ्यायची, खानावळ काढायची. वहिनीच्या हाताला अशी चव, की खानावळ चाललीच असती. तिनं नावसुद्धा ठरवलं होतं. ते नाव मी इथं सांगणार नाही. ते तिचं आहे.

मी तेव्हा बेळगावात नोकरीला होतो. अण्णानं नांगर धरला म्हणून मी पुस्तक धरलं, हे सगळ्या गावाला माहीत. त्यानं विचारलं, "तुझं काय म्हणणं?" मला विकायचं नव्हतं. नदीसाठी, झाडांसाठी — असं मी स्वतःला सांगत आलो, आणि ते थोडं खरंही आहे. पण सगळं खरं काय? अण्णा गावातून उठला असता तर देवीची पूजा कुणाकडे आली असती? माझ्याकडे. मला नोकरी सोडायची नव्हती. आणि सुट्टीला यायला गावही हवं होतं — जसंच्या तसं, अण्णासकट, वहिनीच्या तांदळाच्या भाकरीसकट. मी स्वतः शहरात गेलो होतो. त्यानं मात्र जाऊ नये, असं मला वाटत होतं.

मग सरळ 'नाही' का म्हणालो नाही? ज्यानं मला शिकवलं त्याच्या तोंडावर? तेवढी छाती नव्हती माझी. मी म्हणालो, "देवीला विचारू."

आमच्याकडे देवीला विचारणं म्हणजे कौल लावणं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्याचा प्रश्न असेल त्यानं पाकळ्या लावायच्या नाहीत. म्हणून लावणारा मी. फूल वहिनीनं दिलं, तिनं स्वतः लावलेल्या जास्वंदीचं, केळीच्या पानात गुंडाळून.

देवळात जाण्याआधी मी परसात गेलो. फणसाचा देठ नखानं खरवडला आणि पांढरा चीक बोटावर घेतला.

उजवी पाकळी चिकानं लावली. डावी नुसत्या पाण्यानं.

अण्णा हात जोडून उभा. वहिनी दाराशी. मीही हात जोडले, तेव्हा माझी बोटं एकमेकांना चिकटत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग डावी पडली. अण्णानं डोळे उघडले, ती पाकळी उचलून कपाळाला लावली आणि म्हणाला, "आईची मर्जी." बस्स, एवढंच. उजवी पाकळी मी दुसऱ्या दिवशी, कुणी नसताना, तेलाचं बोट लावून खरवडून काढली.

हॉटेलवाला दुसरीकडे गेला. पुढं शेजारचं सरकारी रान आणि आमचं मिळून ही फिरायची वाट झाली, आणि वाट दाखवायला अण्णाशिवाय होतं कोण? आता तो प्रत्येक घोळक्याला देवळापाशी थांबवतो. गेल्या रविवारी मीही त्यांच्यात उभा होतो. "मी चाललो होतो बेळगावला," तो सांगत होता, "आईनं डावी पाकळी टाकली. म्हणून मी ऱ्हायलो, म्हणून ह्ये रान ऱ्हायलं." लोकांनी हात जोडले. मीही जोडले. आणि खरं सांगू? मला अभिमान वाटला. त्याचा, रानाचा, आणि — हो — माझाही. तो अभिमान आजही गेलेला नाही. लाज वाटत नव्हती असं नाही. पण एवढी वर्षं मी तिला मागं उभं केलं होतं.

मग निघताना वहिनी गाडीपर्यंत आली. हातात माझ्यासाठी बांधलेल्या भाकऱ्या. कौल लावला त्या दिवसापासून तिनं देवीला एकही फूल वाहिलेलं नाही. जास्वंद दारात फुलते आणि दारातच गळते. पूजेची फुलं अण्णा रानातून आणतो. मी समजत होतो, खानावळ गेली म्हणून ती देवीवर रुसली आहे.

"भाऊजी, येक इचारू?" ती म्हणाली. "त्या दिशी माझं फूल शिळं होतं काय वो? का माझ्याच हातात काय खोट होती? आईला माझंच फूल का न्हाय चाललं?"

एकवीस वर्षं ती हे मनात धरून होती. "तसं काही नसतं, वहिनी," मी म्हणालो, आणि गाडीत बसलो. भाकऱ्या मांडीवर अजून गरम होत्या.

फूल शिळं नव्हतं. पहाटे तोडलेलं होतं, त्यावर दव होतं. वहिनीच्या हातात काही खोट नव्हती. देवी त्या दिवशी काही बोललीच नाही. उजव्या पाकळीखाली फणसाचा चीक होता, आणि तो मी लावला होता.