मावशीचे आयरिश फोन

शनिवारी सकाळी अमेयचा फोन आला. ‘दादा, मॉम इज गॉन...’ एवढंच बोलला. विजयामावशी माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. अमेय तिचा मुलगा. मला रडू आलं नाही. चार महिने मी तिच्याशी धड बोललो नव्हतो, हेच आधी आठवलं.

मावशीनं आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरात, पंधरा वर्षं काढली होती. काका गेल्यावर ती इकडे अमेरिकेत, ट्रॉयला, अमेयकडे आली. माझी जवळच नोव्हाय गावात छोटी कंपनी आहे, गाड्यांचे ब्रेक तपासायची यंत्रं आम्ही बनवतो. कॉर्कच्या एका कंपनीशी आमची बोलणी सुरू झाली आणि तिचा मालक डेक्लन हा मावशीचा जुना साहेब निघाला. मी तिला मदतीला बोलावलं. ‘ते तोंडावर नाही म्हणत नाहीत,’ ती सांगायची, ‘बघू म्हणाले की नाही समज. आपण किती मोठे ते सांगत बसू नकोस. आणि चेष्टा केली तर चिडू नकोस रे, परक्याची ते चेष्टा करत नाहीत.’

पण ती डेक्लनला फोन करायची तेव्हा कामाचं एक अक्षरही नाही. हवामान, त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, मधेच माझं नाव आणि हसणं... मी खोलीत शिरलो की ‘बरं, ठेवते’. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ही नक्की कोणाच्या बाजूची? आमचे आकडे तिकडे पोचवत नसेल कशावरून?

मग डेक्लनची आई गेली. मावशी म्हणाली, ‘तिकीट काढ. अंत्यविधीला दोन दिवसांत जाऊन ये.’

‘मावशी, मी त्या बाईंना कधी बघितलंसुद्धा नाही.’

‘तिकडे ते कोणी विचारत नाही. कोण आलं, एवढंच लक्षात ठेवतात.’

मला तो निव्वळ बहाणा वाटला. मी गेलो नाही, ती गेली. ती परतल्यावर दहा दिवसांत काँट्रॅक्ट माझ्या हातात पडलं आणि संशय उलट वाढला. हिनं काय दिलं त्यांना? अमेयला तिथे नोकरी तर नाही ना लावत? विचारायचं धैर्य नव्हतं. मी तिला कागद पाठवणं बंद केलं, मग फोनही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिनं गाठलंच. ‘रागावलास का रे?’ ‘नाही मावशी, जरा बिझी.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढून गेली.

अंत्यदर्शनाला डेक्लन आला, थेट कॉर्कहून. कोपऱ्यात तो अमेयशी बराच वेळ बोलत होता आणि मी, लाज वाटते सांगायला, ओठ वाचायचा प्रयत्न करत होतो. मग तो माझ्याकडे वळला. ‘सॉरी फॉर युअर ट्रबल,’ असं तिकडच्या रीतीनं सांत्वन करत त्यानं दोन्ही हातांत माझा हात घेतला. पहिल्याच भेटीत मी जेवण नाकारल्यामुळे त्यानं मला मनातून बाद केलं होतं म्हणे. मावशीनं फोनवर फोन करून समजावलं, हा गर्विष्ठ नाही, घाबरट आहे.

‘आणि आईच्या वेळी तुम्ही विजयांना पाठवलंत,’ तो म्हणाला, ‘ते आम्ही विसरणार नाही.’

मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो. माझी परीक्षा घेतोय का हा? नुसतं ‘थँक यू’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पलीकडे मावशी शांत निजली होती.

‘मी पाठवलं नव्हतं,’ मी म्हणालो. ‘ती स्वतःहून आली. माझा तिच्यावर विश्वासच नव्हता.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘तुम्ही पाठवलंत असं सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.’

मला हसू आलं आणि मग जे आलं ते आवरेना. तो जागचा हलला नाही. डोळे पुसून मी विचारलं, ‘तुमची आई... कशी होती?’

डेक्लननं शेजारची खुर्ची ओढली, कोट काढला आणि सांगायला सुरुवात केली.