काळ्या चिलखताचा ठराव

अन्याय एका मुलीवर झाला. संक्रांतीच्या आदल्या रविवारी, दुपारी एक ते दोनच्या दरम्यान, चोपड्याच्या वाटेवर एका केळीच्या शेतात. करणारे आम्ही तिघे होतो. मुलगी तिथे नव्हती, आणि ती नसताना केला हाच अन्यायाचा मुख्य भाग आहे.

नावं देणार नाही. तशी तिची अट आहे, ती पुढे येईल.

ती अमळनेरची. रोज सकाळच्या गाडीने जळगावला कॉलेजला यायची. आम्ही तिघे तिचे वर्गमित्र. एक केळीवाल्या घरचा, त्याच्या जळगावच्या खोलीत चांगला कॉम्प्युटर होता. दुसरा धुळ्याचा, तोंडाने तेज. तिसरा मी. मी तेव्हा एका विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहायचो. बसपास, वसतिगृहाचं पाणी, सातपुड्यातल्या वस्त्यांचे जमिनीचे दावे. पत्रक कसं लिहायचं हे मला शिकवलं होतं: कोणावर अन्याय झाला, कधी झाला, ते पहिल्या ओळीत सांगायचं. पाल्हाळ नको.

कॉलेजात तांत्रिक महोत्सव व्हायचा. त्यात एक स्पर्धा अशी होती की, कुठलाही मोठा काल्पनिक खेळ घ्यायचा, त्यात पात्र घडवायचं आणि हॉलमध्ये पडद्यावर दाखवायचं की हे पात्र असंच का घडवलं, याने कुठला गट का निवडला. आम्ही चौघांनी नाव दिलं. केळीवाल्याचा कॉम्प्युटर होता म्हणून संघ त्याचा, आणि संघाची नियमावली लिहिली मी. कलम तीन: प्रत्येक निर्णय हजर सदस्यांच्या बहुमताने, हात वर करून. मला ते कलम फार आवडलं होतं.

ती म्हणाली, "आणि जो हजर नसेल त्याचं काय?"

मी म्हणालो, "त्याने हजर राहावं."

बाकीचे हसले. तीही हसली.

खेळातलं पात्र म्हणजे एक बाई होती. दर पायरी चढली की काही गुण मिळतात, ते कुठे घालायचे ते तुम्ही ठरवायचं. ताकद, तलवार, जादू, बोलणं, वनौषधी, असं काहीबाही. आमच्या मैत्रिणीने ताकदीत एकही गुण घातला नाही. सगळे बोलण्यात, ऐकण्यात आणि वनौषधीत. पहिल्या आठवड्यात धुळेकराने पाळी घेतली तेव्हा त्या बाईला साधी तलवार उचलेना. एका रानडुकराने तिला तीनदा लोळवलं.

"हे काय घडवलंय भो? हिला तर आमच्या गल्लीतली बकरी पाडेल!"

"मग बकरीशी भांडू नको," ती म्हणाली. "बोल तिच्याशी."

त्यानंतर आम्ही तिघांनी पाळी घेणं सोडलं. आम्ही मागे बसून कचोरी खायचो आणि ती खेळायची. वर्ग सुटल्यापासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत, महिनोन्‌महिने. तिने खेळाचा सगळ्यात कडक प्रकार निवडला होता. त्यात एकच नोंद राहते. केलेलं पुसून मागे जाता येत नाही. चुकलात तर चुकीसकट पुढे.

खेळात दोन गट होते. डोंगरावर किल्लेदार, खाली रानवस्ती. वस्तीच्या जमिनीखाली लोखंड होतं आणि किल्लेदारांना ते हवं होतं. बहुतेक खेळणारे किल्लेदारांकडे जातात, कारण ते तुम्हाला काळं चिलखत देतात आणि त्या चिलखतावर बाण चालत नाही. काही जण वस्तीकडे जातात, मग शेवटी किल्ला जळतो. ती दोन्हींकडे गेली नाही. ती दोन्हीकडे जात-येत राहिली. किल्ल्याच्या पहारेकऱ्यांची दुखणी तिने पाल्याने बरी केली, त्यांच्या घरचं विचारलं. त्यांचं चिलखत घेतलं नाही, त्यांचं पाणीसुद्धा प्यायली नाही, कारण खेळ ते मोजत होता. ती शेवटच्या पुलापाशी आली तेव्हा तिच्यासमोर, किल्लेदार की वस्ती या दोन पर्यायांखाली, एक तिसरं वाक्य उमटलं, जे आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं. पहारेकऱ्यांना सांग की दरवाजा आतून उघडा.

तिने ते वाक्य दाबलं नाही. म्हणाली, "हे हॉलमध्ये दाबायचं. नानांसमोर."

नाना म्हणजे तिचे वडील, कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम. पुण्याला खेळ तयार करण्याचा अभ्यासक्रम होता आणि तिला तो करायचा होता. नानांना तो अभ्यास वाटतच नव्हता. शेवटी ते म्हणाले होते, "चार लोकांत उभी राहून दाखव, काय करतेस ते. मला कळलं तर फॉर्म भरू." फॉर्मची मुदत महोत्सवानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात संपत होती. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. नंतर कोणी 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणाला, तर तो खोटं बोलतो.

आता तो रविवार. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत पार्टी होते. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर हिरवी लांब वांगी, मग लाकडी ठेचणीत मिरची-लसूण घालून ठेचायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांशी खायची. पोरांच्या पार्टीला पोरींना बोलवत नाहीत. का, ते कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही, मी, जो मोर्च्यात महिलांच्या सहभागावर परिच्छेद लिहायचो.

वांगी भाजत होती. धुळेकर म्हणाला, "पडद्यावर अर्धा तास एक बाई नुसती बोलणार? लोक झोपतील. चिलखत पाहिजे, आग पाहिजे."

केळीवाला म्हणाला, "ती एक बाटली आहे ना अजून?"

होती. त्या खेळात सगळे गुण काढून नव्याने वाटून देणारी बाटली एकदाच मिळते. तिने ती जपून ठेवली होती, वापरायची नाही म्हणून.

"बाटली पाजा, सगळं ताकदीत घाला, किल्लेदारांकडे जा, चिलखत घ्या. वस्ती पेटवू पडद्यावर. हॉल डोक्यावर घेतील."

"आणि ती?"

हे मी विचारलं. एवढं मी विचारलं, हे मी माझ्या बाजूने मांडत नाही. कारण पुढचं वाक्यही माझंच होतं. "मतदान घेऊ. कलम तीन."

सवयच होती ती. आमच्या संघटनेत चार जण चहाला बसले तरी शेवटी ठराव व्हायचा. हात वर केला की आपण काहीतरी न्यायाचं केलं असं वाटायचं. तीन हात वर गेले. विरोधात शून्य. त्याच झपाट्यात दुसरा ठराव झाला, की मंचावर मी बोलायचं, कारण मी बोलतो चांगलं.

जाळापाशी शेतावरचे म्हातारे आबा वांगी उलटत होते. त्यांना खेळाबिळातलं काही कळलं नसणार. पण हात वर गेलेले त्यांनी पाहिले.

"कसानं मतदान शे रे?"

"आमच्या संघाचं, आबा. एक पोरगी आहे संघात, तिचं काम थोडं बदलतोय."

"मंग ती पोर कोठे शे?"

"ती नाही आली."

"तिनं काम, अन तिले इचारं बी नही?" आबांनी वांगं जाळातून ओढलं. "खा. गार हुई जाई."

आम्ही खाल्लं. भरीत झकास झालं होतं. संध्याकाळी जळगावला परतलो आणि केळीवाल्याने बाटली पाजली. सातपुड्याच्या वस्त्यांसाठी मी पत्रक लिहिलं होतं, त्याचा गठ्ठा त्याच खोलीत, कॉम्प्युटरच्या बाजूला पडला होता. त्या गठ्ठ्यावर कोपर टेकून मी किल्लेदारांच्या गटात सामील होण्याचं बटण दाबलं. चिलखत आलं. खरंच देखणं होतं.

तिला सांगितलं नाही. संक्रांत झाली, तिने तिळगूळ आणला, तोही खाल्ला. "आता हात लावायला नको, जसं आहे तसं ठेवू," असं सांगून तिला आठवडाभर कॉम्प्युटरपासून दूर ठेवलं.

हॉल भरला होता. नाना तिसऱ्या रांगेत, इस्त्रीची पांढरी टोपी घालून. ती त्यांच्या शेजारी बसली होती, कारण मंचावर एकाच वक्त्याला जागा होती आणि तिला वाटत होतं, मी दोन शब्द बोलून तिला बोलावणार. पडदा उजळला. काळं चिलखत. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी बोलत होतो. 'व्यूहात्मक निर्णय' हा शब्द मी चार वेळा वापरला. वस्ती पेटली.

परीक्षक बाईंनी एक प्रश्न विचारला. "खेळातली रोजनिशी उघडा. इथे लिहिलंय, हिने किल्ल्याचं पाणीसुद्धा नाकारलं. मग एका दिवसात ही त्यांच्याकडे का गेली?"

मी म्हणालो, "परिस्थितीनुसार भूमिका बदलावी लागते."

टाळ्या पडल्या. दुसरं बक्षीस मिळालं.

टाळ्या चालू असताना नानांनी तिला विचारलं. मी मंचावरून उतरत होतो, दोन हातांवर होतो, ऐकू आलं.

"यात तुझं काय?"

"काही नाही, नाना."

एवढंच. फॉर्म भरला गेला नाही. ती आता अमळनेरला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाते. वाईट क्लास नाही. तिला तो नको होता.

नंतर मी दोघांना म्हणालो, आपण जाऊन माफी मागू. धुळेकर म्हणाला, "गेम आहे भो, गेम! तिचा सातबारा नाही केला आपल्या नावावर." हे वाक्य मी आजवर पन्नास तोंडांतून ऐकलं आहे आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेम आहे. म्हणूनच तर कळलं आम्ही कोण. तिथे पोलीस नव्हते, पोटाचा प्रश्न नव्हता, कोणी धमकी दिली नव्हती. फुकटात वस्तीच्या बाजूने राहता येत होतं, आणि आम्ही एका चिलखताच्या चित्रासाठी ती पेटवली. आणि ज्या एकटीने तिसरी वाट काढली होती, तिला रांगेत बसवलं.

मी एकटा अमळनेरला गेलो. स्टेशनवर भेटली, बाकावर बसली नाही, उभीच राहिली.

"बाटली कोणी पाजली?"

"केळीवाल्याने. पण ठराव मी मांडला."

"तेच विचारत होते." मग म्हणाली, "तू पत्रकं लिहितोस ना? याचं लिही. माझं नाव टाकू नको, तुमचीही टाकू नको. नावं टाकलीस की लोक म्हणतील, त्या चौघांचं भांडण आहे, आपल्याला काय."

"नानांना भेटू का? सांगतो सगळं."

"भेट."

भेटलो. नानांनी जिनिंगच्या फाटकात उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मला एकट्याला काय सांगतोस फाटकात? चार लोकांत केलं ना? चार लोकांत सांग."

संघटनेच्या पुढच्या अंकासाठी मी हे दिलं. संपादक मंडळाने मतदान घेतलं, विषय किरकोळ ठरला. मी हजर होतो, माझा एक हात विरोधात. म्हणून हे मी स्वतःच पत्रक म्हणून छापतो आहे.

तुम्ही ते चार लोक आहात. महोत्सव यंदाही आहे, आणि तुमच्या गावात, ऑफिसात, मंडळात असे हॉल वर्षभर भरतात. कोणी मंचावर उभं राहून 'आम्ही हे केलं' म्हणेल. तेव्हा खुर्चीतून उठा. आबांचा प्रश्न मोठ्याने विचारा: ती पोर कोठे शे? उत्तर म्हणून ती स्वतः उभी राहून बोलेपर्यंत टाळी वाजवू नका.