नालीसाठी रोडगे

कप आधी खाली ठेवा. सांगतो हो, सगळं सांगतो. पण तोंडात चहा असताना हा किस्सा ऐकायचा नाही. मागे आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता. आणि वर तो मलाच म्हणतो, "भाऊ, तुमच्याएवढा भैताड मानूस म्या उभ्या वऱ्हाडात पाह्यला नाई!" आता साडूच तो, त्याला काय बोलणार?

तुमच्यात कोणी पुण्याकडचं असेल आणि 'भैताड' म्हणजे काय ते माहीत नसेल, तर विचारू नका. किस्सा संपेपर्यंत आपोआप कळेल.

तर मी रिटायर माणूस. बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. "मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी" हा जो भरदार आवाज तुम्ही ऐकला असेल, तो माझा. उभी हयात मी माइकवरून सांगितलं आणि उभी हयात लोकांनी खिडकीशी येऊन विचारलं, "मूर्तिजापूरची कोन्ती हो?" म्हणजे लोक आपलं ऐकत नाहीत, याची मला चांगली सवय होती. तरी मी कॉलनीच्या भानगडीत पडलो. आता याला काय म्हणावं!

कॉलनी आमची अमरावतीच्या कडेला. पूर्वीचं वावर. काळी माती आणि चांगला उतार. उताराच्या डोक्यावर एक दुसरी कॉलनी, तिला आम्ही वरची कॉलनी म्हणतो. तिच्या खाली आमची. आणि आमच्या कॉलनीत सगळ्यात शेवटचं, सगळ्यात खालचं घर कोणाचं? माझं! प्लॉट घेताना दलाल म्हणाला होता, "कोपऱ्याचा हाय भाऊ, हवा येईन."

हवा कसली येते, पाणी येतं! नाली आमची कच्ची, मातीची. पाऊस लागला की तिचे काठ ढासळतात आणि सगळ्या कॉलनीचं पाणी साबणाच्या फेसासकट माझ्या बैठकीत. लोक संकटात देव पाण्यात घालून बसतात. आमचे देव दरवर्षी आपापले पाण्यात जातात. बायको गहू, टीव्ही, गाद्या सगळं पलंगावर चढवते आणि मग माझ्याकडे बघते. पाणी परवडलं, पण ते बघणं नाही परवडत.

यंदा तिनं सांगूनच टाकलं. "पावसाच्या आधी नाली पक्की झाली त झाली. नाई त मी चालली वरुडले, माह्या भावाकडं. संत्र्याच्या बगीच्यात राहीन, पन या डबक्यात राहनार नाई."

आणि ही बाई बोलते तसं करते बरं का! म्हणजे या वयात पोळ्या कोण लाटणार? मी. ताबडतोब उठलो.

ज्या ऑफिसाकडे नाल्या असतात, त्या ऑफिसात गेलो. नाव विचारू नका, माझी अजून कामं आहेत तिथं. खेटे घालून घालून चपला झिजल्या, तेव्हा एक इंजिनिअर साहेब भेटले. माणूस भला. म्हणाले, "हे बघा काका, यंदा एकच नाली होऊ शकते. तुमच्या कॉलनीत, नाहीतर वरच्या. रविवारी सकाळी मी पाहणीला येतो. जिथं जास्त हाल दिसतील, तिथं नाली. आणि लोक हजर पाहिजेत. तुम्ही एकटेच बोलाल तर मी काय समजू? नागरिकांचा सहभाग दिसला पाहिजे."

नागरिकांचा सहभाग! आणि तो आमच्या कॉलनीत! मी साहेबांना "हो हो, अवश्य" म्हणालो आणि जिना उतरताना घाम पुसला.

घरोघर फिरायला लागलो. पहिलं घर इंगोल्याचं. भाजीबाजारात त्याचा गाळा आहे, आणि घर कॉलनीत सगळ्यात उंचावर. त्यामुळे नाली हा विषय त्याच्यासाठी परदेशातला.

"इंगोले, रविवारी साहेब येऊन राह्यले. नाली पाहाले."

"कोन्ती नाली?"

"अबे, तुह्या दारासमोरून जाते ते!"

"ते होय? ते त मस्त वाह्यते, भाऊ."

"वाह्यते ना! माह्या घरात वाह्यते!"

"मंग अडचन काय हाय?"

आता अशा माणसाला काय सांगायचं? पुढं गेलो राऊत मामांकडे. हे मूर्तिजापूरकडचे जुने शेतकरी, आता मुलाकडे राहायला आलेले. सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "येतो ना बाप्पा! तुमी व्हा पुढं." आमच्याकडे 'तुमी व्हा पुढं' म्हणजे 'मी येत नाही', हे मला या वयात कळायला नको? पण नाही कळलं.

मी सभा बोलावली. कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर, माइक लावून. "सर्व रहिवाशांनी नोंद घ्यावी, नालीच्या प्रश्नावर सभा सुरू होत आहे." तोच आवाज, तीच फेक! सभेला आलं कोण? माइकवाला आणि एक गाय. माइकवाल्याला माइक परत न्यायचा होता. गाय मात्र शेवटपर्यंत थांबली, हे तिचे उपकार.

घरी येऊन कपाळाला हात लावून बसलो. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सभेले कोन येते? रोडगे ठेवा."

अहाहा! ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांची मला खरंच कीव येते. जाडसर कणकेचे गोळे, आत पदर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस भाजायचे. मग फोडायचे, वरून तूप सोडायचं आणि सोबत वांग्याची अशी भाजी की कानातून धूर निघावा. वऱ्हाडी माणसाला लग्नाला बोलवा, तो 'पाहू' म्हणेल. मतदानाला बोलवा, 'पाहू' म्हणेल. रोडग्याला बोलवलं की तो एकच विचारतो, "किती वाजता?"

मी फक्त इंगोल्याच्या फाटकाशी उभं राहून सहज म्हटलं, "रविवारी सकाळी प्लॉटवर रोडगे हायेत. साहेबही येऊन राह्यले."

"वांगे माह्याकडून!" इंगोले ओरडला. "काटेरी आनतो, एक नंबर!"

तेवढ्यात राऊत मामा आपल्या घरातून धोतर सावरत बाहेर. "रोडगे कोन करून राह्यलं? आचारी? हॅट! आचाऱ्याच्या हातचे रोडगे म्हंजे गोटे. मी करतो." अंधार पडायच्या आत कॉलनीत घराघरात हीच चर्चा. कोणी तूप देतो म्हणालं, कोणी ताटं. मी छाती काढून बायकोला म्हटलं, "पाहा! याला म्हणतात नागरिकांचा सहभाग." ती नुसती माळ्याकडे बघत होती. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

शनिवारी दुपारी राऊत मामा प्लॉट पाहायला आले. सोबत चार-सहा जण. मामांनी काठीनं जमीन टोकरली आणि तोंड वाकडं केलं. "अठी गोवऱ्या रचाच्या काय? नालीचं पानी प्लॉटात येऊन राह्यलं. इस्तो इझन ना!"

झालं! निखारे विझतील म्हटल्यावर लोक पेटले. कोणी फावडी आणली, कोणी घमेली. जो इंगोले 'कोन्ती नाली' विचारत होता, तो स्वतः लुंगी खोचून गुडघाभर नालीत! गाळाची घमेली भराभर बाहेर. मी धावत गेलो.

"अरे, अरे! काय करून राह्यले? राहू द्या ते! उद्या साहेबाले घान दिसली पाह्यजे ना!"

"म्हंजे साहेबाले घान दिसावं म्हनून आमी घानीत बसून जेवाचं काय?" इंगोले नालीतूनच बोलला.

"अबे, फक्त सकाळपुरतं—"

"भाऊ, रोडग्यावर माशी बसली त तूप नासते. तुमी व्हा बाजूले."

मी बाजूला झालो. करणार काय? मंडपवाल्याची गाडी खड्ड्यात अडकली, तर लोकांनी खड्ड्यांत मुरूम भरला. बायांनी रस्ता झाडला, सडा टाकला, रांगोळ्या काढल्या. कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि नालीच्या दोन्ही काठांनी पांढरा चुना मारला. नालीला चुना! इतकी वर्षं मी या लोकांच्या पाया पडत होतो, नुसता कचरा तरी टाकू नका म्हणून. आणि आज? खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. अभिमान म्हणावं तर रागही तेवढाच. हेच लोक! हेच हात! आणि कधी चालले? तर नेमके नको तेव्हा!

रविवारी पहाटे उठून पाहतो तर कॉलनी नवरीसारखी नटलेली. नाली कोरडी ठणठणीत. साहेब येणार, पाहणार काय? माझं कपाळ? घरात येऊन बघतो तर बायकोनं माळ्यावरची बॅग खाली काढून ठेवलेली. झटकून, पुसून.

आणि इथं, मंडळी, तुमच्या या मित्राची अक्कल गवत खायला गेली.

मी विचार केला, फार नको, थोडीशी घाण असावी. नमुन्यापुरती. आदल्या दिवशी भाजी चिरली, त्याचा सगळा कचरा प्लॉटच्या कोपऱ्यात पडला होता. वांग्याची देठं, कांद्याची सालं, सांबाराच्या काड्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ते असो. मी घमेलं भरलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी नाही. ओतलं नालीत! काठीनं नीट ठासलं. दुसरं घमेलं भरलं. तेही ओतलं. वर एक बादली पाणी सोडलं, म्हणजे कसं छान तुंबेल.

मागे 'खचाक्' असा आवाज झाला.

वळून पाहतो तो साहेब! स्वच्छ पांढरा शर्ट, हातात मोबाइल. ऊन व्हायच्या आत पाहणी करावी म्हणून लवकर आलेले.

"काय चाललंय काका?"

"साहेब, हे… कचरा… काढून राह्यलो होतो."

साहेबांनी माझ्या हातातल्या घमेल्याकडे पाहिलं. घमेलं उलटं होतं आणि त्याच्या बुडाला वांग्याचं एक देठ लोंबत होतं.

"ऑफिसात येत होते ते तुम्हीच ना?" साहेब एवढंच म्हणाले. पण ज्या सुरात म्हणाले! धरणी दुभंगून पोटात घेईल म्हणून मी वाट पाहिली. काळी माती, एरवी उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात तिला. त्या दिवशी एक नाही पडली.

पुढं काय, सगळी कॉलनी आली. नटूनथटून, पोराबाळांसकट. राऊत मामांचे रोडगे असे जमले की काय सांगू! साहेब पाटावर, शेजारी मी. मी म्हटलं, आता तरी लोक बोलतील. "साहेब, विचारा ना यांना नालीचं."

साहेबांनी इंगोल्याला विचारलं, "नालीचा त्रास आहे का हो?"

इंगोल्याच्या तोंडात अर्धा रोडगा. "तरास? नाई बा! एकदम झकास हाय. पाहा ना, चुना मारला!"

"अन् साहेब," राऊत मामा वाढता वाढता म्हणाले, "नालीचं सोडा, तुमी अजून एक घ्या."

साहेबांनी अजून एक घेतला. मग हात धुऊन भाषण केलं. "इतकी जागरूक वस्ती मी पाहिली नाही. सगळ्यांनी आदर्श घ्यावा. एखादा माणूस नालीत कचरा टाकतो, तेवढा सोडला तर…"

"कोन हाय थो?" इंगोले ताडकन उभा राहिला. "नाव सांगा साहेब! आत्ता पाहून घेतो त्याले!"

सगळी पंगत माना वळवून एकमेकांकडे पाहायला लागली. मीही पाहायला लागलो. न पाहून कसं चालेल? साहेब भले म्हणून नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, "काका, तूप सरकवता जरा?"

नाली वरच्या कॉलनीला मंजूर झाली. पावसाच्या आधी बांधूनही झाली, सिमेंटची, देखणी. मी मनाची समजूत घातली की जाऊ द्या, कोणाचं तरी भलं झालं. आणि एक दिवस सहज फिरत फिरत तिचं दुसरं टोक पाहायला गेलो. तोंड कुठं सोडलं असेल तिचं? आमच्या कच्च्या नालीत!

तसाच ऑफिसात गेलो. भांडलो, अगदी माइकवरच्या आवाजात भांडलो.

साहेब शांतपणे म्हणाले, "काका, पाणी कुठंतरी सोडावं लागतंच. आणि तुमचे लोक नाली कशी ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फोटो आहेत माझ्याकडे." मग जरा पुढं वाकून, हळूच म्हणाले, "एका फोटोत तुम्ही आहात. तो अजून कोणाला दाखवला नाही."

मी नमस्कार केला आणि घरी आलो.

आणि बायको? गेली ना वरुडला! बोलली तसं केलं. म्हणून तर चहा असा झालाय, मी केलाय तो. अहो, पण तुम्ही उठता कशाला? बाहेर केवढा कोसळतोय, अशात कुठं जाणार? बसा, बसा. फक्त पाय तेवढे वर घ्या. नाही नाही, घाबरू नका, हे तर नुसतं वरच्या कॉलनीचं आहे. आमच्या कॉलनीचं अजून यायचंय.